सीझनपुरतं भाडं, वर्षभराचा हिशेब

गेल्या अंकात क्लाउडवरच्या हिशेबाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर वणी, पुसद, आर्वी, दर्यापूर, मोर्शी अशी चहूकडून पत्रं आली. विचारणं बहुतेकांचं एकच आहे: यानं खर्च खरंच कमी होतो का, आणि आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात हे चालतं का? मी हिंगणघाटकडच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात खरेदी रजिस्टर लिहिता लिहिता या कामात आले. आजही माझी बहुतेक कामं कापूस, तूर आणि सोयाबीनच्या धंद्यातली असतात, म्हणून उदाहरणंही तिथलीच देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की क्लाउड म्हणजे एखाद्या कंपनीच्या डेटा सेंटरमधलं मशीन इंटरनेटवरून भाड्यानं वापरायचं आणि जितकं वापरलं तितकेच पैसे द्यायचे. अ‍ॅमेझॉननं २००६ मध्ये अशी मशीन तासाच्या हिशेबानं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पुढे मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि इतरही आले.

ताई, आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. ऑफिसातला सर्व्हर, म्हणजे सगळा हिशेब ठेवायचा मुख्य कॉम्प्युटर, जुना झाला, मागच्या उन्हाळ्यात दोनदा बंद पडला. नव्याचं कोटेशन १,६०,००० रुपये आलं, यूपीएस आणि बॅटऱ्यांचे ३५,००० वेगळे. दुसरा एक जण म्हणतो, सगळं क्लाउडवर टाका, महिन्याला ७,००० रुपये पडतील. नागपूरला राहणारे माझे भागीदार क्लाउडच्या बाजूनं आहेत. मला मात्र दर महिन्याचं देणं मागे लावून घ्यायचं नाही. काय करावं? — एक जिनिंगवाले, वणी तालुका

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. आधी तिचाच हिशेब मांडू.

स्वतःचा सर्व्हर घेतला तर पहिल्या दिवशी १,९५,००० जातात. तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या बदलाव्या लागतील, त्याचे २०,००० धरा. देखभालीचा करार वर्षाला १२,००० धरला तर पाच वर्षांचे ६०,०००. एकूण २,७५,०००, म्हणजे वर्षाला ५५,००० रुपये. क्लाउडचे ७,००० बारा महिने भरले तर वर्षाला ८४,००० होतात. इथपर्यंत तुमचं म्हणणं खरं ठरतं, क्लाउड महाग आहे.

पण तुमची जिनिंग बारा महिने चालते का? दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाड्या आटतात. नंतरचे सहा महिने ऑफिसात फक्त हिशेब मिटवणं, गाठींची विक्री आणि सीएचं काम उरतं. तेवढ्यासाठी सीझनचं मोठं मशीन कशाला चालू ठेवायचं? हरभरा काढायला आपण थ्रेशर भाड्यानं आणतो, काम झालं की तो परत जातो. इथं तेच करायचं आहे. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये ७,००० ची फोड दिलेली आहे: मशीनचे ५,५०० आणि डिस्क व बॅकअपचे १,५००. सीझन संपल्यावर लहान मशीनवर आलात तर महिन्याचं एकूण २,५०० च्या आसपास पडेल. सहा महिने ७,००० म्हणजे ४२,०००, सहा महिने २,५०० म्हणजे १५,०००, मिळून ५७,०००. त्यात रात्री अकरा ते सकाळी सात ऑफिस बंद असताना मशीनही बंद ठेवलं तर मशीनच्या भाड्याचा तिसरा हिस्सा वाचतो, डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं. म्हणजे सीझनमध्ये महिन्याला १,८०० च्या आसपास कमी. वर्षाचा आकडा ४६,००० च्या घरात येतो.

या हिशेबाला एक अट आहे. बिल तासाच्या वापरावर हवं. गावोगावचे पुरवठादार पुष्कळदा वापरणाऱ्या माणसामागे महिन्याचा ठोक आकडा लावतात. तिथं रात्री मशीन बंद ठेवून तुमचा रुपयाही वाचत नाही, वाचतो तो पुरवठादाराचा. तसा करार असेल तर सीझनमध्ये सहा माणसं आणि नंतर एकच, असं कागदावर लिहून घ्या. ‘वर्षभराचे पैसे आगाऊ भरा, सवलत देतो’ असं कुणी म्हणालं तर ती सवलत तुमच्या सहा रिकाम्या महिन्यांपेक्षा मोठी आहे का, ते आधी बघा. बहुतेक वेळा नसते.

करापुरतं सांगायचं तर विकत घेतलेला संगणक ही मालमत्ता धरतात आणि त्यावर दरवर्षी ४० टक्के दरानं घसारा मिळतो, भाडं मात्र त्याच वर्षीच्या खर्चात पूर्ण धरलं जातं. दोन्हीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्याची वजावट मिळते. बाकीचं तुमच्या सीएंना विचारा.

आता मूळ मुद्द्यावर येते. वर्षाला आठ-नऊ हजार वाचतात एवढ्यासाठी मी तुम्हाला चालतं ऑफिस हलवायला सांगणार नाही. तुमचा खरा पैसा गाड्यांच्या वजनकाट्यावर अडकलेला आहे.

गाडी फाटकातून आत येते. भरल्या गाडीचं वजन होतं. ग्रेडर कापूस हातात घेऊन बघतो, ओलावा मोजायला मॉइश्चर मीटर लावतो, भाव ठरतो. गाडी गंजीवर रिकामी होते, परत काट्यावर येते आणि निव्वळ वजनाची काटापट्टी फाटते. आकडा इथं पहिल्यांदा लिहिला गेला. कास्तकार ती पट्टी घेऊन ऑफिसात येतो आणि दिवाणजी ती खरेदी रजिस्टरला चढवतात, ही दुसरी वेळ. चुकाऱ्यासाठी, म्हणजे कास्तकाराचे पैसे चुकते करायला, बँकेची यादी करायची, त्यात खाते क्रमांकासकट रक्कम परत लिहायची, ही तिसरी. बाजार समितीच्या सेससाठी चौथी. रात्री नागपूरच्या भागीदारांना रजिस्टरच्या पानाचा फोटो जातो, आणि ते फोन करून विचारतात, हा आकडा ६२ आहे की ६७? सीझनमध्ये दिवसाला शे-सव्वाशे गाड्या आल्या तर चौथ्या लिहिण्यात कुठंतरी आकडा उलटतोच. मग महिनाअखेर सगळं ऑफिस तो फरक शोधत बसतं.

काट्यावरचा आकडा थेट क्लाउडवरच्या रजिस्टरला गेला की पुढची तीन लिहिणी आपोआप होतात. गाडी रिकामी होईपर्यंत चुकाऱ्याची यादी तयार असते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू आहे, त्यामुळे संध्याकाळी सातला मोजलेल्या कापसाचे पैसे त्याच रात्री पाठवता येतात. रात्री आठला गाडी घेऊन परत निघालेल्या कास्तकाराला ‘उद्या या’ ऐकावं लागत नाही. चार जिनिंगपैकी तो पुढच्या वेळी गाडी कुठं वळवेल हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट उताऱ्याची. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. हजार क्विंटलवर उतारा एक टक्का घसरला तर दहा क्विंटल रुई गेली, १७० किलोच्या जवळजवळ सहा गाठी. हे आज कळलं तर उद्याच्या भावात किंवा मॉइश्चरच्या कपातीत दुरुस्ती करता येते. महिनाअखेर कळलं तर महिनाभराचा कापूस त्याच चुकीच्या भावानं घेऊन झालेला असतो. कुठल्या भागाच्या कापसाचा उतारा कमी पडतोय, कुठली गंजी ओली आली होती, हे भागीदारांना नागपुरात आणि तुम्हाला वणीत एकाच वेळी दिसणं, यात सर्व्हरच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा आहे. क्लाउड घ्यायचा तर यासाठी घ्या.

तुमचा सर्व्हर उन्हाळ्यात का बंद पडला असेल तेही सांगते. जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन उघडून बघा. पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरच्या जाळीवर रुईची लव बसून तिचा नमदा झालेला असतो, हवा पलीकडे जातच नाही. त्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि दुपारी लाईन गेली की एसी बंद. नवा सर्व्हर त्याच खोलीत ठेवलात तर त्याचीही तीच गत होईल. ऑफिस आणि जिनिंग हॉलमध्ये बंद दार नसेल तर पाच वर्षं धरलेलं आयुष्य कमीच धरा.

पण एक गोष्ट क्लाउडवर टाकू नका: काट्याचं सॉफ्टवेअर. काट्याच्या इंडिकेटरची वायर ज्या कॉम्प्युटरला लागते तो कॉम्प्युटर, त्यावरचं वजनाचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर काट्याच्या खोलीतच राहू द्या. नेट गेलं तरी वजन झालं पाहिजे आणि पट्टी फाटली पाहिजे. आकडे तिथं साठत राहतील आणि नेट आलं की पुढे जातील, अशी सोय मागून घ्या. ‘नेट असेल तरच चालेल’ असं सांगणाऱ्याला काट्याचं काम देऊ नका. सव्वाशे गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली तर त्या दिवशी क्लाउडचा सगळा फायदा पाण्यात. ऑफिसासाठी फायबरची एक लाईन आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेलं राउटर, दोन्ही ठेवा. हिशेबाच्या कामाला वेग फार लागत नाही, पण लाईन सारखी तुटता कामा नये.

माझं कृषी सेवा केंद्र आहे, दुकान एक, कॉम्प्युटर एक. जून-जुलैत गर्दी, एरवी मीच बसतो. एक सेल्समन रोज येऊन क्लाउड घ्या म्हणतो. घेऊ का? — आर्वी तालुका, जि. वर्धा

दादा, भाड्याचं मशीन तुम्हाला नको. एक दुकान, एक माणूस, एक कॉम्प्युटर असेल तर क्लाउड सर्व्हर घेऊन ना वेळ वाचतो ना पैसा. खताच्या पॉस मशीनचा साठा सरकारी यंत्रणेवर नोंदला जातोच. तुमचं काम उरतं ते आपलं स्टॉक रजिस्टर त्याच्याशी जुळवायचं, आणि ते तुमच्या कॉम्प्युटरवर होतं.

तुम्हाला क्लाउडचा एकच भाग हवा आहे: बॅकअप. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. आज तुमचा बॅकअप कुठं आहे? बहुतेक दुकानांत तो पेन ड्राइव्हवर असतो आणि पेन ड्राइव्ह गल्ल्यात, कॉम्प्युटरपासून दोन हातांवर. चोरी झाली, छत गळलं, शॉर्ट सर्किट झालं तर दोन्ही बरोबर जातात. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते, आणि दुकानाच्या हिशेबाची फाइल त्यात सहज मावते. रोज दुकान बंद करताना बॅकअप तिथं चढवा. फाइलच्या नावात तारीख टाका, कालच्यावर आजची चढवू नका. हे यासाठी की कॉम्प्युटरमध्ये व्हायरसनं फाइल कुलूपबंद केली, तर आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्येही तीच कुलूपबंद फाइल जाऊन बसते. ड्राइव्ह जुनी प्रत साधारण ३० दिवस ठेवतो, पण त्यावर विसंबू नका.

आणि पेरणीच्या आधी, मे महिन्यात, तो बॅकअप घरच्या दुसऱ्या लॅपटॉपवर एकदा उघडून बघा. उधारीची यादी नीट दिसते का, बियाण्याचे बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखा दिसतात का. बॅकअप होता पण उघडलाच नाही, ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे जुलैतच येतात, आणि तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते.

आम्ही स्पर्धा परीक्षेचे क्लास चालवतो. खेड्यातल्या मुलांसाठी तास रेकॉर्ड करून क्लाउडवर ठेवतो. पहिल्या महिन्याचं बिल ४०० रुपये आलं, पाचव्या महिन्याचं ११,०००. जागा तर फार वाढली नाही. मग हे पैसे कशाचे? — पुसद

सर, बिलाचं दुसरं पान उघडा. साठवणुकीची ओळ लहान असेल आणि तिच्या खाली डेटा बाहेर जाण्याची ओळ मोठी असेल. क्लाउडमध्ये फाइल आत टाकायला बहुधा पैसे पडत नाहीत. बाहेर काढायला पडतात, आणि तुमचा प्रत्येक विद्यार्थी व्हिडिओ बघतो तेव्हा तो डेटा बाहेरच जात असतो.

तुमच्याच आकड्यांनी बघू. तासाभराचा व्हिडिओ ५०० एमबी, विद्यार्थी २००, म्हणजे एका तासाचे १०० जीबी बाहेर गेले. मोठ्या कंपन्यांच्या मुंबई केंद्राचा दर जीबीमागे नऊ-दहा रुपयांच्या घरात पडतो. म्हणजे एक तास ९०० ते १,००० रुपयांना पडला. महिन्याला बारा तास टाकलेत, ११,००० झाले. कुणी फसवलेलं नाही, मुलं वाढली तसं बिल वाढलं.

फळ्यावरचं गणित दिसायला फार मोठं चित्र लागत नाही. तोच तास १५० एमबीच्या आत बसवा, आवाज मात्र स्वच्छ ठेवा, बिल तिसऱ्या हिश्श्याच्या खाली येईल. मुलांचा मोबाइल डेटाही वाचेल, आणि उमरखेड-महागावकडच्या खेड्यांत ज्यांना एक टॉवर अर्धाच मिळतो त्यांना व्हिडिओ अडकत न बघता येईल. जे तास सगळ्यांना खुले करायला हरकत नाही ते यूट्यूबवर टाका, तिथं हा खर्च तुम्हाला पडत नाही. पैसे घेऊन शिकवता तेवढेच क्लाउडवर ठेवा. बिल ठरावीक रकमेच्या वर गेलं की मेल येईल अशी सूचना आजच लावून घ्या. ती फुकट असते आणि पाचव्या महिन्याची वाट बघावी लागत नाही. शिवाय सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुलानं चाचणीसाठी सुरू केलेलं एखादं मशीन चालूच राहिलंय का तेही बघा. मी तपासलेल्या वाढीव बिलांत हे दर दुसऱ्या ठिकाणी निघतं.

वापर फार मोठा आणि बाराही महिने सारखा झाला की भाड्यापेक्षा स्वतःचं मशीन स्वस्त पडायला लागतं. लोकांच्या फाइली साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीनं आपल्या बहुतेक फाइली अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरून स्वतःच्या मशीनवर आणल्या आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले, असं त्यांनीच २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरताना कागदावर मांडलं. तुम्ही अजून तिथं नाही. पण सगळं क्लाउडवरच स्वस्त, असं कुणी सांगत असेल तर ते खरं धरू नका.

आमची महिला शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तीन गावांत तूर-हरभऱ्याची संकलन केंद्रं, गोदाम तालुक्याला. प्रत्येक केंद्रावरची ताई वहीत लिहिते आणि फोटो ग्रुपवर टाकते. सभासदांची आधार कार्डं, सातबारा, पासबुकं सगळं त्याच ग्रुपवर आहे. आम्हाला परवडेल असं काही सांगा. — एक संचालक, दर्यापूर तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून मला दोन गोष्टी वाटल्या. एक, क्लाउडचा सगळ्यात चांगला उपयोग तुमच्यासारख्यांनाच आहे, कारण तुम्ही चार जागी पसरलेल्या आहात आणि माल एकच आहे. दुसरी, तो ग्रुप ताबडतोब आवरा.

कामाचं आधी सांगते. पहिलं वर्ष एकही रुपया खर्चू नका. गूगलच्या शीटवर तारीख, केंद्र, सभासद क्रमांक, माल, पोती, वजन, ओलावा, भाव असे रकाने करा. प्रत्येक केंद्राच्या ताईला फोनवर फक्त तिच्याच केंद्राच्या पानावर लिहिण्याची मुभा द्या. नेट नसलं तर फोनवर लिहिलेलं नंतर चढतं, ती सोय आधी चालू करून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचा रकाना सभासद क्रमांकाचा. एकाच गावात एकाच नावाच्या चार बायका असतात आणि नावावरून चुकारा काढला की पैसे भलत्याच खात्यात जातात. वही बंद करू नका, या सीझनपुरती दोन्ही चालू द्या. ताईंचा त्या शीटवर विश्वास बसला की त्या स्वतःच वही बाजूला ठेवतील.

याचा फायदा असा की गोदामातल्या तुमच्या व्यवस्थापकाला दुपारी तीनलाच कळेल, तिन्ही केंद्रांवर मिळून ट्रक भरेल एवढी तूर झाली की नाही. आज तुम्ही संध्याकाळी फोटो जुळवता आणि सकाळी अर्धा भरलेला ट्रक पाठवता. पत्रात तुम्ही लिहिलं आहे की वाहतुकीचा खर्च सगळ्यात जास्त टोचतो. तो इथं कमी होईल. अकोल्याच्या डाळ मिलला भाव विचारतानाही हातात आजचा आकडा असेल, परवाचा नाही.

पुढे हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा ध्यानात ठेवा की तुमची ‘कंपनी’ आहे, म्हणून कंपनी कायद्याचे नियम लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर असला पाहिजे. विकणाऱ्याला या दोन गोष्टी लेखी विचारा. उत्तर द्यायला तो आठवडा लावत असेल तर दुसरा बघा.

आता ग्रुपचं. सभासदाचं आधार आणि पासबुक ज्या ग्रुपवर पडतं, तिथल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याची प्रत जाते. उद्या एखादी ताई काम सोडून गेली, तिचा फोन विकला गेला, तर ती प्रत कुठं जाईल? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी तुमच्या संस्थेवर टाकलेली आहे, पण मी कायद्याच्या भीतीनं हे सांगत नाही. त्या बायकांनी आपली कागदं तुमच्यावर विश्वास ठेवून दिली आहेत. एक फोल्डर करा. तो उघडण्याची परवानगी दोघींनाच ठेवा, तुम्ही आणि हिशेबनीस. सगळे फोटो तिथं हलवा आणि ग्रुपवरून काढून टाका, प्रत्येकीच्या गॅलरीतूनसुद्धा. जिथं चालेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार घ्या.

पस्तीस वर्षं धान्याचा व्यापार केला, हिशेब कधी घराबाहेर गेला नाही. आता मुलगा म्हणतो परक्या कंपनीच्या मशीनवर ठेवू. ती बंद पडली तर? कुणी बघितलं तर? — मोर्शी

काका, बंद पडते. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्यानं दिलेल्या आज्ञेत चूक झाली आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रावरची साठवण सेवा काही तास ठप्प झाली. २० ऑक्टोबर २०२५ ला तिथंच पुन्हा मोठा खोळंबा झाला. मे २०२४ मध्ये तर ऑस्ट्रेलियातल्या सहा लाखांवर सभासद असलेल्या एका पेन्शन फंडाचं गूगलवरचं सगळं खातंच चुकीनं पुसलं गेलं. तो फंड वाचला, कारण एक बॅकअप त्यांनी दुसऱ्या कंपनीकडे ठेवला होता. आपल्याकडे २०२४ च्या जुलैअखेर एका तंत्रसेवा कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला आणि तिच्या यंत्रणेवर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंटचे व्यवहार काही काळ अडले. तेव्हा तुमची भीती मी हलकी मानत नाही.

पण तुमच्या कपाटातल्या मशीनची तुलनाही तितक्याच काटेकोरपणे करू या. त्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? त्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावात आहे का? क्लाउडवर जागा घेताना भारतातलं केंद्र निवडता येतं. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ पासून, अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, गूगलचं मुंबईत २०१७ पासून आहे. म्हणून मुलाला तीन अटी घाला. केंद्र भारतातलं असावं. आठवड्याला एक प्रत डिस्कवर उतरवून घरी यावी, म्हणजे कंपनी बंद पडली तरी हिशेब तुमच्या हातात राहील. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर उघडावं, ओटीपी तुमच्याकडे यावा.

हे जोर देऊन सांगते, कारण तालुक्याच्या गावात खातं सर्रास बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर उघडलं जातं. त्या वेळी सोपं पडतं. पुढे त्याच्याशी बिनसलं, त्यानं धंदा बदलला किंवा तो पुण्याला निघून गेला की तुमच्याच हिशेबाचं कुलूप उघडायला त्याची मनधरणी करावी लागते. माझ्या माहितीतल्या एका दाल मिलवाल्यांचा ऐन तुरीच्या सीझनमधला आठवडा यात गेला. बसवणाऱ्याला काम करण्यापुरतं वेगळं नाव आणि पासवर्ड द्या, मालकाचं खातं देऊ नका. पैसे भरायचे ते थेट कंपनीला, तुमच्या जीएसटी नंबरवर बिल घेऊन. त्याला त्याची मजुरी वेगळी द्या, आणि चांगली द्या, कारण अडचणीत फोन त्यालाच लावायचा आहे.

जिनिंगचा हिशेब क्लाउडवर न्यायचा तर मुहूर्त कोणता? दसरा धरू का? — नाव कळवलेलं नाही, हिंगणघाट

दसऱ्याला काट्याची पूजा करा, सॉफ्टवेअर बदलू नका. बदल जूनमध्ये सुरू करा, जिनिंग बंद असते तेव्हा. जुलैत मागच्या सीझनचे आकडे नव्या रजिस्टरला चढवून उतारा जुळतो का बघा. ऑगस्टमध्ये दिवाणजींना आणि काट्यावरच्या मुलांना हात बसू द्या. पोळ्यानंतर एक दिवस मुद्दाम नेट बंद करून खोट्या वीस गाड्या मोजा, पट्ट्या फाटतात का आणि नेट आल्यावर वीसच्या वीस पुढे जातात का ते तपासा. तेव्हा टपालानं सिनेमाच्या डीव्हीडी भाड्यानं देणाऱ्या नेटफ्लिक्सनं २००८ मध्ये डेटाबेस बिघडून तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत तेव्हा क्लाउडवर जायचं ठरवलं, आणि ते काम जानेवारी २०१६ मध्ये संपवलं. तुम्हाला सात वर्षं लागणार नाहीत, एक पावसाळा पुरेल. मात्र दिवाणजींना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुठला कास्तकार कुठल्या नावानं पट्टी फाडतो आणि चुकारा कुणाच्या खात्यात मागतो, हे फक्त त्यांना ठाऊक असतं, आणि नव्या रजिस्टरचे रकाने त्यांना विचारूनच पाडावे लागतात.